कॉलेजचा व्हरांडा कुठे गेला?

नवी मुंबईतल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात जा आणि वर्गाची लांबी-रुंदी टेपने मोजा. साधारण ११ मीटर बाय ६ मीटर भरेल, म्हणजे ६६ चौरस मीटर. वाशीत मोजा, नेरुळला मोजा, खारघरला मोजा. आकडा त्याच्या आसपासच घुटमळतो. यात योगायोग काही नाही. अशा कॉलेजांना मान्यता देणाऱ्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या पुस्तिकेत गेली कित्येक वर्षं वर्गखोलीसाठी ६६ चौरस मीटर चटईक्षेत्र लिहिलेलं आहे, ट्यूटोरियलच्या खोलीसाठी ३३. साठ मुलांचा वर्ग धरला, तर एकेकाच्या वाट्याला १.१ चौरस मीटर येतं. बाकावरची जागा, दप्तर, आणि पाय लांब करायला थोडीशी फट.

भाचीच्या प्रवेशाच्या वेळी हे पुन्हा आठवलं. सायली ठाण्याला नौपाड्यात राहते, मी नेरुळला. दोन दिवसांत आम्ही पाच कॉलेजं पालथी घातली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टेशनबाहेर उसाचा रस पिताना ती म्हणाली, "आत्या, मला आता कुठलं कुठलं होतं तेच आठवत नाहीये. सगळीकडे तोच पॅसेज, तीच ट्यूबलाइट."

मी वास्तुविशारद आहे. गेली वीस वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत काम करते, त्यातलं बरंचसं शाळा-कॉलेजांच्या दुरुस्तीचं. तिचं ते वाक्य डोक्यात राहिलं, कारण तक्रार म्हणून बोललेली ती गोष्ट प्रत्यक्षात अगदी नेमकं निरीक्षण होतं. गेल्या दीडशे वर्षांत आपल्याकडच्या विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या इमारती कशा बदलल्या, हे समजून घ्यायचं असेल तर घुमट, कमानी, काचा यांच्या मागे लागू नये. एकच जागा धरावी: वर्गाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की आपण जिथे उभे असतो ती.

आपल्याकडे तिला किती नावं आहेत बघा. गावच्या घराला ओसरी आणि पडवी. शाळेला व्हरांडा. चाळीला गॅलरी. नव्या कॉलेजात पॅसेज, आणि त्याहून नव्यात कॉरिडॉर. शब्द बदलत गेले तसा त्या जागेतला उजेडही कमी होत गेला.

दगड, बिस्कीट आणि सेलोटेप

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची, पण फोर्टमधल्या त्याच्या देखण्या इमारती नंतरच्या. दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये पुरं झालं. ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर यांची पायाभरणी १८६९ ची, काम संपलं १८७८ मध्ये. टॉवरसाठी पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव दिलं आईचं. दोन्ही इमारतींचे आराखडे लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे, आणि हे गृहस्थ मुंबईत एकदाही आले नव्हते. तरीही तिथे गेलात की दिसेल, खोलीच्या बाहेर कमानींच्या सावलीत चालायला जागा आहे, आणि कोपऱ्यांवरचे चक्री जिने भिंतीत कोंडलेले नाहीत, हवेला उघडे आहेत. जिना चढतानाही वारा लागतो. युरोपच्या गॉथिक शैलीला इथल्या उन्हा-पावसापुढे एवढं तरी वाकावं लागलं.

तिथे कमानीच का? याचं उत्तर शोभेत नाही. सायलीला मी ते रसवंतीच्या टेबलावर करून दाखवलं. पार्ले-जीचं बिस्कीट दोन ग्लासांच्या कडांवर आडवं ठेवायचं आणि मधोमध बोटाने दाबायचं. ते तडकतं, आणि तडा खालच्या बाजूने सुरू होतो. दाबताना बिस्किटाची वरची बाजू आकसते, खालची ताणली जाते. ताण सहन होत नाही म्हणून ते तुटतं. दगडाचं अगदी तसंच आहे. दाबाला तो पहाडासारखा, ताणाला कच्चा. म्हणून दगडाची लांब तुळई आडवी टाकून मोठी खिडकी काढता येत नाही. कमान केली की दगड एकमेकांना फक्त दाबतात, ताण येऊच देत नाहीत, आणि भार दोन्ही बाजूंच्या खांबांत उतरतो. पण त्यासाठी भिंती जाड लागतात, दोन-अडीच फूट, कधी त्याहून जास्त. या जाडीचा फायदा असा की दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते.

आता त्याच बिस्किटाच्या खालच्या बाजूला सेलोटेप चिकटवा आणि पुन्हा दाबा. तडा जातो, पण बिस्कीट लगेच पडत नाही. टेप ताण घेते. बस्स, आर.सी.सी. म्हणजे हेच. काँक्रीट दाब घेतं, सळई ताण घेते. ही एक गोष्ट हाताशी आली आणि भिंतीची भार वाहण्यातून सुटका झाली. कॉलम आणि बीमचा सांगाडा इमारतीला उभं ठेवू लागला, आणि भिंत उरली नुसत्या आडोशापुरती. ती सहा इंचांची असली तरी चालते. काचेची असली तरी चालते.

आर.सी.सी.ने व्हरांड्याचंही रूप पालटलं. खांबांशिवायचा व्हरांडा शक्य झाला. स्लॅब भिंतीच्या बाहेर पाच-सहा फूट तशीच पुढे काढायची, खाली आधार नाही. साइटवर आम्ही त्याला कँटिलिव्हर म्हणतो. इथे एक गंमत आहे जी प्रत्येक सुपरवायझरला माहीत असते. नेहमीच्या स्लॅबमध्ये ताण खालच्या बाजूला, म्हणून मुख्य सळई खाली. कँटिलिव्हर गॅलरीत उलटं: मोकळं टोक खाली झुकू बघतं, म्हणजे वरची बाजू ताणली जाते, म्हणून मुख्य सळई वर. स्लॅब भरताना मजूर त्या सळयांवरून चालले आणि त्या पायाखाली दबून खाली गेल्या, तर गॅलरी दिसायला धडधाकट, पण आतून दुबळी. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम पाहिलंय ना? हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांचं, २००८ मध्ये सुरू झालेलं. प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर छताचा एकही खांब येत नाही. तिथलं छत आणि तुमच्या कॉलेजची गॅलरी एकाच जातीची, एका बाजूने धरून दुसऱ्या बाजूला झेपावलेली.

एकेरी रांग, दुहेरी रांग

माझी अकरावी-बारावी ठाण्यात झाली, विद्या प्रसारक मंडळाच्या खाडीकाठच्या ज्ञानद्वीप या आवारात. विद्या प्रसारक मंडळ ही १९३५ सालची संस्था. आजचं जोशी-बेडेकर कॉलेज १९६९ चं, बांदोडकर विज्ञान महाविद्यालय १९७६ चं. स्टेशनवरून चेंदणीच्या बाजूने चालत जायचं, भरतीच्या वेळी खारफुटीतून चिखलाचा वास यायचा. तो वास आजही आला की मला प्रॅक्टिकलची जर्नल आठवते. ही कॉलेजं उभी राहिली त्याच सुमारास मुंबई विद्यापीठही फोर्टमधून कालिन्याला पसरत होतं. फोर्टात बोट ठेवायला जागा नव्हती, कालिन्यात दोनशेहून जास्त एकर मिळाले.

त्या पिढीतल्या कॉलेजांचा नमुना साधा असे. तीन-चार मजले, वर्गांची एकच रांग, आणि त्या रांगेला लागून एका बाजूने उघडा व्हरांडा. याला एकेरी रांग म्हणू. वर्गाला दोन्ही बाजूंनी हवा मिळते: एका बाजूला खिडक्या बाहेर उघडतात, दुसऱ्या बाजूला दार आणि झरोके व्हरांड्यात. कोकणच्या हवेत हे फार मोलाचं. आपल्याकडे त्रास नुसत्या उष्म्याचा नाही, दमटपणाचा आहे. अंगावरचा घाम वाळायला वारा हवा, आणि वारा खोलीत शिरायला जेवढी वाट लागते तेवढीच बाहेर पडायलाही लागते. एकाच बाजूला खिडक्या कितीही मोठ्या ठेवल्या तरी वारा उंबऱ्यावर थबकतो.

दुहेरी रांग म्हणजे मधे पॅसेज आणि दोन्ही अंगांना वर्ग. हॉस्पिटल आणि हॉटेलसारखं. यात पॅसेजला उजेड फक्त दोन टोकांना, आणि वर्गाला हवा एकाच बाजूने.

मग जगभरच्या शहाण्या माणसांनी दुहेरी रांग का निवडली? हिशेब करून बघा. वर्गाची रुंदी ६ मीटर, पॅसेजची अडीच मीटर धरू. एकेरी रांगेत पॅसेजच्या प्रत्येक मीटरमागे ६ चौरस मीटर वर्ग मिळतो, आणि त्यासाठी अडीच चौरस मीटर पॅसेज खर्च होतो. म्हणजे वर्गाच्या ४२ टक्के. दुहेरीत तोच अडीच मीटरचा पॅसेज १२ चौरस मीटर वर्गांना पुरतो, म्हणजे २१ टक्के. तंत्रशिक्षण परिषदेच्या हिशेबात चालण्या-फिरण्याच्या जागेसाठी, म्हणजे पॅसेज, जिने, लॉबी सगळं मिळून, बाकी क्षेत्राच्या पावपट धरलेली होती. आता ४२ हे २५ मध्ये बसवून दाखवा. बसत नाही. २१ बसतं, जिन्यासाठी थोडं उरतंही.

नियम लिहिणाऱ्यांना व्हरांड्याशी वैर नव्हतं. खोल्या पुरेशा मोठ्या असाव्यात, मुलांची दाटी होऊ नये, एवढीच त्यांची काळजी, आणि ती रास्त आहे. पण मोजायला सोप्या गोष्टींचे आकडे लिहिले गेले, आणि वारा मोजला गेला नाही. मोजली न गेलेली गोष्ट बांधकामाच्या बजेटमध्ये सगळ्यात आधी कापली जाते.

भाताच्या शेतावर सात मजले

नवी मुंबईची कल्पना १९६५ च्या आसपास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १९७० च्या मार्चमध्ये हे शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि कोरिया काही वर्षं तिचे मुख्य वास्तुविशारद होते. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा हा पट्टा कोरा कागद नव्हता. इथे आगरी-कोळी गावं होती, भाताची खाचरं होती, मिठागरं होती. जमिनीला योग्य मोबदला मिळावा म्हणून जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई आणि दास्तान फाट्याला झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचा गोळीबारात बळी गेला, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. सीवूड्सच्या किंवा कामोठ्याच्या कॉलेजात बसणाऱ्या मुलाने हे माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. त्याच्या बाकाखालच्या जमिनीला सातबारा होता.

सिडकोने शहर सेक्टरांत आखलं आणि शिक्षणासाठी भूखंड आधीच राखून ठेवले. ही दूरदृष्टीच. जुन्या ठाण्यात कॉलेज काढायचं तर जागा शोधत फिरावं लागे, इथे नकाशावर चौकोन तयार होता. भूखंड भाडेपट्ट्याने मिळे, साधारण साठ वर्षांच्या. पण हे भूखंड शहराच्या मापाने कापलेले होते, विद्यापीठाच्या मापाने नव्हेत. पुण्याच्या विद्यापीठाला इंग्रज गव्हर्नरचा बंगला आणि त्याभोवतीचं शेकडो एकरांचं रान मिळालं. इथे काही एकरांत इंजिनिअरिंग, फार्मसी, मॅनेजमेंट, शाळा आणि पार्किंग. वर जाण्याखेरीज इलाज नव्हता.

किती वर जायचं हे ठरवतं चटईक्षेत्र निर्देशांक, ज्याला सगळे एफएसआय म्हणतात. कल्पना सोपी आहे. भूखंड १०,००० चौरस मीटरचा आणि निर्देशांक १ असेल, तर सगळे मजले मिळून १०,००० चौरस मीटर बांधता येतं. ते एकाच मजल्यात पसरलं तर भूखंड पूर्ण भरतो, अंगणच उरत नाही. पाच मजल्यांत रचलं तर जमिनीवर २,००० चौरस मीटर झाकले जातात, ८,००० मोकळे. म्हणजे उंच जाणं वाईटच असं नाही, उंच जाऊन मैदान वाचवता येतं. वाचलेल्या त्या ८,००० वर पुढे काय होतं हा खरा प्रश्न. बहुतेक ठिकाणी तिथे बस उभ्या असतात.

आता व्हरांड्याची गोष्ट इथे पुन्हा येते. एफएसआयमध्ये काय मोजायचं आणि काय सोडायचं, याचे नियम वेळोवेळी बदलत आले. पूर्वी बाल्कनीसारखे काही भाग ठरावीक मर्यादेत मोजणीतून सुटायचे, म्हणून ते आधी उघडे बांधायचे आणि मग मागाहून बंद करून खोल्या वाढवायच्या, हा धंदा सर्रास चाले. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियमावली आली. तिच्यात मजल्याच्या बाहेरच्या कडेने एक रेषा धरतात आणि त्या रेषेच्या आतलं जवळपास सगळं मोजतात, गॅलरी आणि पॅसेजसकट. त्याची भरपाई म्हणून पैसे भरून जास्तीचा एफएसआय मिळतो. लबाडीला आळा बसला, ते चांगलंच झालं. पण कागदावर आता व्हरांड्याचा एक चौरस मीटर आणि लॅबचा एक चौरस मीटर एकाच भावाचे झाले. विश्वस्तांच्या बैठकीत त्या दोघांतलं कोण जिंकतं हे सांगायला नको. मी अशा बैठकांना बसलेली आहे.

उंचीचे आणखी परिणाम आहेत. पंधरा मीटरच्या वर इमारत गेली की आग प्रतिबंधक नियम कडक होतात, जास्तीचे आणि बंदिस्त जिने लागतात. उघड्या व्हरांड्यात धूर आपोआप बाहेर जातो, बंद पॅसेजमध्ये तो कोंडतो, म्हणून मग दारं, पंखे, पाण्याचे फवारे. लिफ्टचंही तसंच. तेरा माणसांची लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत जाऊन यायला, थांबे धरून, दोन मिनिटं घेते असं धरा. साठ मुलांच्या एका वर्गाला पाच खेपा, दहा मिनिटं. एका मजल्यावर असे सहा वर्ग असतील तर? म्हणून कॉलेजच्या इमारतीत लिफ्टपेक्षा जिन्याची रुंदी महत्त्वाची. चौघांना शेजारी शेजारी चालता येईल असा जिना आणि ऐसपैस लँडिंग असलं, तर ती इमारत निम्मी जिंकली. बंद पॅसेजच्या कॉलेजांत मुलं उभी कुठे असतात ते बघा. लँडिंगवर. तिथेच एक खिडकी असते.

आणि रेल्वे. मानखुर्दवरून वाशीला लोकल १९९२ मध्ये आली, ठाण्याहून वाशीला २००४ मध्ये. तेव्हापासून इथलं कॉलेज हे लोकलने येऊन लोकलने परतायचं ठिकाण झालं. लेक्चर संपल्यावर रेंगाळायला आवारात सावली नसेल, तर मुलं नेरुळ स्टेशनच्या पायऱ्यांवर, टपरीवर, वाशीच्या मिनी सीशोअरवर जाऊन बसतात. विद्यापीठाचं अर्धं शिक्षण लेक्चरनंतरच्या त्या तासाभरात होतं, असं माझं ठाम मत आहे. मराठीत आपण त्याला कट्टा म्हणतो आणि उगाच हलकं लेखतो.

ऊन कुठून येतं

पाचपैकी दोन कॉलेजांना पुढून पूर्ण काच होती. सायलीला ती आवडली, आणि मला त्यात नवल वाटलं नाही. काच स्वच्छ दिसते, नोकरीच्या ऑफिसची आठवण करून देते. आई-वडिलांनाही तिथे फी वसूल झाल्यासारखी वाटते. सांगाड्यावर बाहेरून पडद्यासारखी टांगलेली ही काच बांधायला झटपट, वजनाला हलकी.

पण आपण १९ अंश अक्षांशावर राहतो. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेकडे कलतो, आकाशात साधारण ४७ अंशांवर. तेव्हा खिडकीवरचा दोन फुटांचा छज्जा त्याच्या खाली जवळपास तेवढीच सावली टाकतो. मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर, सावली पायाखाली गायब. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिण आणि उत्तर या दोन बाजू साध्या छज्ज्याने सांभाळता येतात. खरी दुष्ट बाजू पश्चिमेची. चार वाजता ऊन आडवं येतं, छज्ज्याच्या खालून थेट फळ्यावर. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, झाड, किंवा आठ फुटांचा व्हरांडा लागतो. जुन्या इमारतींत व्हरांडा पुष्कळदा पश्चिमेला का असतो, ते आता कळेल. तो चालायची वाट तर होताच, शिवाय वर्गाने अंगावर घेतलेली छत्री होता. पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या ठाण्यात खिडक्या उघड्या ठेवून शिकवता यायचं ते त्याच्यामुळेच.

पश्चिमेची काच ऊन आत घेते, आतल्या वस्तू तापतात, आणि त्यांची उष्णता काच सहजी बाहेर जाऊ देत नाही. मग एसी. एसीसाठी खिडक्या बंद, खिडक्या बंद म्हणून दिवसा दिवे. वीज गेली की वर्ग सोडावा लागतो. काच सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. उत्तरेला, झाडाआड, उघडता येणाऱ्या तावदानांची काच सुंदर. पण ठाणे खाडीच्या काठी पश्चिमेला सपाट काच लावणं ही चूक आहे.

ते ड्रॉइंग माझ्या हातचं

आता जे सांगते ते सायलीला सांगितलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला मी एका लहान ऑफिसात होते. खाडीजवळच्या एका नोडमधल्या, म्हणजे नवी मुंबईच्या एका उपनगरातल्या, कॉलेजचं काम आलं. ऐंशीच्या दशकातली इमारत, तळमजला अधिक तीन, एकेरी रांग, पश्चिमेला आठ फुटांची कँटिलिव्हर गॅलरी. नवा अभ्यासक्रम मंजूर झाला होता, सहा लॅब कमी पडत होत्या, वर्ष वाया जाऊ द्यायचं नव्हतं. गॅलरीला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावायच्या, मधे पार्टिशन घालायची, झाल्या खोल्या. ते ड्रॉइंग मी केलं, दोन रात्रींत, आणि साहेबांनी शाबासकी दिली तेव्हा मला फार आनंद झाला होता.

तीस वर्षं पुरी झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने करावं लागतं. त्या निमित्ताने इतक्या वर्षांनी मी तिथे पुन्हा गेले, या वेळी दुरुस्तीची सल्लागार म्हणून. दुसऱ्या मजल्यावर दिवसा अकरा वाजता ट्यूबलाइट जळत होत्या. मूळचे वर्ग आता मधे अडकले होते, एका बाजूने हवा, दुसऱ्या बाजूला लॅबची भिंत. एसीचं पाणी वर्षानुवर्षं गॅलरीच्या कडेवरून झिरपत होतं.

इंजिनिअरने हातोडीने स्लॅब ठोकत नेली. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं बद्द. काँक्रीट नवं असताना सळईला स्वतःच्या क्षारधर्मी कवचात गंजू देत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो, खाडीच्या वाऱ्यातलं मीठ मुरतं, आणि ते कवच फिटतं. गंजलेली सळई बारीक होत जाते, पण तिचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. ती आतून फुगते आणि काँक्रीटला ढकलते. पोपडे पडतात ते यामुळे. कँटिलिव्हरमध्ये मुख्य सळई वर, हे मघाशी सांगितलं. पाणी मुरत होतं तेही वरूनच. आणि त्या टोकावर आम्ही पार्टिशनचं, यंत्रांचं वजन ठेवलं होतं, जे मूळ हिशेबात नव्हतं.

अहवालात शिफारस आली की गॅलरीवरचा भार कमी करावा. मला संधी मिळाली. लॅब तळमजल्यावर हलवता येतात का, हे बघायला मी आठवडाभर त्या आवारात टेप घेऊन फिरले. पूर्वीचं वापरात नसलेलं वर्कशॉप निघालं, चार लॅब तिथे बसत होत्या. बैठकीत नवा आराखडा ठेवताना मी कोरियांनी बेलापूरला ऐंशीच्या दशकात केलेल्या वसाहतीचा नकाशाही दाखवला. सात-सात घरं एका आठ बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती. चौसष्ट चौरस मीटर, म्हणजे आपल्या एका वर्गापेक्षा किंचित लहान! तेवढ्याशा मोकळ्या जागेवर सात कुटुंबांचं शेजारपण उभं राहतं. आमच्या कॉलेजने प्रत्येक मजल्यावर एका वर्गाएवढी जागा उघडी सोडली तरी पुष्कळ होतं. एका विश्वस्तांनी विचारलं, "मॅडम, त्याचा उपयोग काय लिहायचा?" मी म्हटलं, "व्हरांडा लिहा." सगळ्यांना ते पटलं नाही. दुसरा मजला आधी करून बघू, तिसऱ्याचं पुढच्या वर्षी, असं ठरलं.

दिवाळीच्या सुट्टीत पहिल्या तीन गाळ्यांचं ॲल्युमिनियम उतरवलं. सळया घासून गंजरोधक लावला, पोपडे काढून नवा थर भरला, वरून पाणी अडवणारा लेप दिला. पार्टिशन निघाली तशी खालची जुनी कोटा फरशी दिसायला लागली, लॅबच्या टेबलांखाली इतकी वर्षं झाकलेली. जिन्याजवळच्या कोपऱ्यात तिच्यावर एक गोल डाग होता.

कॉलेज सुरू झालं त्या सकाळी आठला पोचले, तर शिपाईकाका पाण्याचा माठ तिवईसकट ओढत आणत होते. त्यांनी तो बरोबर त्या डागावर ठेवला.

"इथेच असायचा," ते म्हणाले.